रस्सा दुसऱ्यांदा मागून बघा: नागपूरच्या सासऱ्यांना घेऊन कोल्हापुरात तीन दिवस खाल्लं त्याचा रिव्ह्यू

आमचे सासरे नागपूरचे, सावजी मटणावर वाढलेले. लग्नाला सहा वर्षं झाली पण ते कोल्हापुरात राहून निवांत खाऊन असे कधी गेलेच नव्हते, लग्नात आले ते कार्यालयातलं जेवले आणि दुसऱ्या दिवशी परत. त्यामुळं त्यांचं मत पक्कं झालेलं की कोल्हापुरीचं नाव मोठं आहे बाकी काही नाही, कारण नागपुरातल्या हॉटेलात व्हेज कोल्हापुरी म्हणून जी लाल भाजी मिळते तेवढ्यावरनंच त्यांनी ठरवलेलं. यंदा मार्गशीर्षात अंबाबाईच्या दर्शनाला दोघं आले आणि माझ्या माहेरीच उतरले, तेव्हा मी ठरवलं की आता यांना एकेक जागा दाखवायचीच. ते तीन दिवस जसे गेले तसे लिहितोय, बाहेरगावच्या लोकांना उपयोग होईल.

आधीच सांगतो, मी कोल्हापूरची बाई आहे, आमच्यात बायकासुद्धा आलो, गेलो, जेवलो असंच बोलतात, त्यामुळं वाचताना गोंधळू नका.

आणि अजून एक गोष्ट आधी सांगायला पाहिजे. मी जागा कशी चांगली-वाईट ठरवतो ते आण्णांकडनं आलंय. आण्णा म्हणजे माझे वडील, त्यांची सगळी नोकरी उद्यमनगरातल्या फौंड्रीत गेली, सकाळी मिसळ आणि पगाराच्या दिवशी खानावळ हे त्यांचं ठरलेलं. ते कुठंही गेले की पहिल्या वाटीवर काही बोलायचे नाहीत, रस्सा दुसऱ्यांदा मागायचे आणि मग सांगायचे हॉटेल कसं आहे. लहानपणी मला वाटायचं भूक असते म्हणून मागतात, पण त्यात खरंच मुद्दा आहे. मिसळीचा कट असू दे नाहीतर मटणाचा रस्सा, वरचा लाल तवंग पहिल्या वाढपाला जातो, खाली काय आहे ते दुसऱ्या वाढपाला कळतं. पातेलं उरकत आलं म्हणून गरम पाणी ओतलंय का, रस्सा चुलीवर आहे का तासाभरापूर्वी उतरवून ठेवलाय, आणि वाढणाऱ्याचं तोंड वाकडं होतंय का, सगळं दुसऱ्या वाटीत कळतं. कोल्हापुरात रस्सा पोटभर वाढायचा ही रीत आहे, त्यामुळं मागायला लाजायचं काही कारण नाही.

तर बुधवारी दुपारी महाराष्ट्र एक्सप्रेसनं दोघं उतरले आणि रात्री आमच्याकडनं पहिलीच चूक झाली. माझ्या चुलतभावानं हायवेलगतच्या एका नव्या मोठ्या हॉटेलचं नाव सांगितलं, लाईटिंग भारी, पार्किंग भारी, भिंतीवर पैलवानांचे फोटो, म्हटलं पाहुण्यांना बरं वाटेल. नाव लिहीत नाही. तांबडा रस्सा दिसायला लालभडक पण तोंडात घेतला तर नुसत्या कच्च्या तिखटाची चव, वर तेल तरंगतंय ते वेगळं आणि खाली पाणी वेगळं. पांढरा तर कॉर्नफ्लॉवर लावून दाट केलेला, चमचा वर काढला की तार सुटत होती. मी दुसऱ्यांदा मागितला तर पोरगा आत जाऊन आला आणि म्हणाला एक्स्ट्राचं बिल लागंल. आला तो कोमट. बाबा म्हणजे सासरे शांतपणे भाकरी खात होते, मग म्हणाले, "अगं बाई, हे तर आमच्या तिकडं पण असंच भेटते." मला रात्री झोप लागली नाही, खरं सांगतो. आपल्या गावाबद्दल कोणी असं बोललं आणि त्याचं बरोबर असलं की लई लागतं.

गुरुवारी मार्गशीर्षातला वार, घरात मटण नाही, आणि सासूबाई तर गळ्यात माळ असलेल्या, त्या कधीच खात नाहीत. म्हणून सकाळी सगळ्यांना घेऊन शिवाजी उद्यमनगरात फडतरेंच्या मिसळीला गेलो. गर्दी असतेच, त्याची तयारी ठेवून जावा, लोक खाणाऱ्याच्या मागं उभं राहून जागा धरतात, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. उद्यमनगर म्हणजे लेथ, वर्कशॉप, कास्टिंगचा भाग, तिथं सकाळी कामाला लागायच्या आधी पोटाला आधार म्हणून मिसळ खाल्ली जाते, हे लक्षात घेतलं की मिसळ अशी का आहे ते समजतं. मोडाच्या मटकीची उसळ, बटाटा, त्यावर चिवडा-फरसाण-शेव, कांदा, कोथिंबीर आणि कट. कट म्हणजे रस्सा, त्याला पुण्यात सँपल म्हणतात, नागपुरात तर्री. आणि बरोबर पाव नाही, ब्रेड. बाहेरचे लोक इथंच अडतात, पाव द्या पाव द्या म्हणतात. अहो पाव कटात बुडवला की त्याचा लगदा होतो, ब्रेडची जाड स्लाईस कडेला धरून निम्मी बुडवायची आणि ठिबकायच्या आत तोंडात घालायची, कट पिऊन घ्यायला तेच बरं पडतं. दोन दिवस खाऊन बघा मग सांगा.

बाबांनी पहिला घास घेतला, काही बोलले नाहीत. मी बघत होतो. आण्णा तर ताटाकडं न बघता त्यांच्याकडंच बघत होते. मग आण्णांनी हात वर केला आणि कट मागितला, सगळ्यांना. आला तो पहिल्यासारखाच, वाफ येत होती, वर लाल तवंग आणि खाली दाटपणा तसाच, खोबऱ्याचा आणि भाजलेल्या कांद्याचा वास. बाबांनी रुमाल काढला, टक्कल पुसलं आणि म्हणाले, "तिखट तर नाही लागून राहिलं, पण घाम काहून येऊन राहिला?" आण्णा हसायला लागले. आमच्या तिखटाचं तेच आहे, ते जिभेला चावत नाही, खाल्ल्यावर अंगात उतरतं. चौघांची मिसळ आणि वर ताक, सगळं पाचशेच्या आत.

या घामाचं कारण चटणीत आहे. आमच्याकडं चटणी म्हणजे ओली चटणी नव्हे, कांदा-लसूण मसाल्याला आम्ही चटणी म्हणतो, स्वैपाकाला वर्षभर तीच. एप्रिल-मे मध्ये मिरच्या उन्हात वाळवायच्या, देठ खुडायची, बेडगी घ्यायची रंगाला आणि संकेश्वरी म्हणजे जवारी मिरची घ्यायची तिखटाला, आणि यांचं प्रमाण प्रत्येक घराचं वेगळं. मग कांदा उभा चिरून वाळवून तळायचा, सुकं खोबरं, तीळ, धणे, खसखस, गरम मसाला सगळं वेगवेगळं भाजायचं, लसूण घालायचा आणि डंकावर म्हणजे मसाला कांडायच्या मशीनवर कुटायला न्यायचं. डंकावर गल्लीतल्या बायकांचा नंबर लागलेला असतो, शिंका चालू, डोळ्याला पदर, आणि आपली चटणी दुसरीच्या डब्यात जाऊ नये म्हणून प्रत्येकजण उभी राहून बघत असते. सासूबाईंना हे सगळं माहीतच नव्हतं, त्यांना वाटायचं कोल्हापुरी मसाला म्हणजे बाजारातलं पाकीट. मिसळ चांगली का आणि वाईट का याचं निम्मं उत्तर या चटणीत असतं, आदल्या रात्रीच्या हॉटेलात नुसती मिरची पावडर होती हे बाबांना दुसऱ्या वाटीनंतर आपोआप कळलं, मला सांगावं लागलं नाही.

मिसळीवरनं कोल्हापुरात भांडणं होतात हेही सांगून ठेवतो. कोणी बावड्याची म्हणणार, कोणी महाद्वारावरची चोरगेंची, कोणी खासबागची. आमच्या आईचं मत चोरगे, ती लग्नाआधीपासनं तिथं खाते. मी त्यात पडत नाही, उद्यमनगरची सवय आहे म्हणून तिथं नेलं. एकाच दिवशी दोन ठिकाणी खाऊन तुलना करू नका एवढंच सांगतो, दुसरी कुठलीही असो ती कमीच वाटणार.

मग भाऊसिंगजी रोडनं देवळाकडं निघालो. जाताना आण्णांनी बाबांना गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलची गोष्ट सांगितली. शाहू महाराजांच्या पदरी असलेले गंगाराम कांबळे, अस्पृश्य म्हणून त्यांना हौदाला हात लावला म्हणून मारहाण झाली, महाराजांनी त्यांना या रस्त्यावर चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः गाडी थांबवून त्यांच्या हातचा चहा प्यायचे, बरोबरच्या सरदारांनाही प्यायला लावायचे. त्या काळात सोपं नव्हतं ते. मी ही गोष्ट शाळेत शंभरदा ऐकलीय पण आण्णा सांगतात तेव्हा अजून अंगावर काटा येतो. कोल्हापुरात खाण्याच्या जागांबद्दल लिहायचं आणि ही जागा सोडायची हे मला पटत नाही, म्हणून लिहिलं.

दर्शन छान झालं. महाद्वार रोडला पेढे घेतले. जिलेबीचं मात्र सांगायला पाहिजे. माळकर तिकटीला माळकरांची जिलेबी घेतली, गरम, पाकातनं काढलेली. कोल्हापुरात 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला घराघरात जिलेबी आणतात, झेंडावंदन झालं की चौकाचौकात मांडव आणि कढया, लोक किलोकिलोनं घेऊन जातात. आमच्या शाळेत झेंडावंदन संपायच्या आधीच पोरं दप्तर घेऊन दाराजवळ यायची कारण घरी जिलेबी वाट बघत असायची. सासूबाईंनी पहिला तुकडा खाल्ला आणि दुसरा मागून घेतला.

संध्याकाळी आधी गंगावेशला दूध कट्ट्यावर नेलं. हे मी मुद्दाम सासूबाईंसाठी ठेवलेलं, कारण बाहेरगावचे लोक कोल्हापूर म्हटलं की मटण, मिसळ एवढंच बोलतात आणि माळकरी माणसानं काय करायचं ते कोणी सांगत नाही. कट्ट्यावर गवळी म्हशी घेऊन उभे असतात आणि तुमच्यासमोर धार काढून ग्लास भरून देतात. तापवणं नाही, पाणी नाही, साखर पाहिजे असली तर सांगायचं. वरचा निम्मा ग्लास फेस, खाली अंगाच्या उबेचं दूध. जवळच गंगावेस तालीम, पैलवान पोरं लंगोटावर शर्ट घालून येतात आणि उभ्या उभ्या पितात. लहान पोरं आजोबांचं बोट धरून येतात, त्यांच्या ओठावर मिशी येते फेसाची. तुमचं पोट कच्च्या दुधाला सवयीचं नसलं तर एक ग्लासावर थांबा, आणि ज्यांना डॉक्टरनं कच्चं दूध नको सांगितलंय, पोटुशा बायका वगैरे, त्यांनी घरी नेऊन तापवूनच प्यावं.

सासूबाईंचं माहेर वर्ध्याकडचं खेड्यातलं, घरी म्हशी होत्या. त्यांनी ग्लास दोन्ही हातात धरला आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली असं दूध पिऊन." गवळ्यानं ऐकलं असावं, त्यानं विचारलंच नाही, तिथंच दुसरी धार त्यांच्या ग्लासात काढली. "घ्या मावशी, अजून निम्मा." त्याचे पैसे घेईना. मी जबरदस्तीनं दिले. माझ्या हिशोबात या तीन दिवसांतली पहिल्या नंबरची जागा ही, मटणाच्याही वर.

तिथनं खासबागला. कुस्तीचं मैदान शाहू महाराजांनी बांधलं, 1912 ला सुरू झालं, आणि त्याला लागून केशवराव भोसले नाट्यगृह, ते 1915 चं. ऑगस्ट 2024 मध्ये नाट्यगृहाला आग लागली तेव्हा अख्खं गाव रात्री तिथं जमलेलं, माणसं रडत होती. आता तिथनं जाताना आण्णा गप्प होतात. आम्ही लहानपणी नाटक सुटलं की राजाभाऊंची भेळ खायचो, आताही तीच खाल्ली. भेळेचं कोल्हापुरी वैशिष्ट्य म्हणाल तर कुरकुरीतपणा, आंबटगोड पाणी बेतानं, चुरमुरे मऊ पडायच्या आत खाऊन संपवायची, आणि वर मिरची दातानं तोडत. भेळेला दुसरं वाढप नसतं त्यामुळं माझा नियम इथं चालत नाही, पण कागदाच्या तळाशी शेवटचा घास कुरकुरीत राहतो का ते मी बघतो. राहिला. बाबांना भेळ आवडली पण त्यांच्या मते जरा गोड, बरोबर आहे, गूळ आमच्यात हात सैल सोडून घालतात. रात्री सोळंकीत कॉकटेल. घाबरू नका, कोल्हापुरात कॉकटेल म्हणजे फळं, आईस्क्रीम, ड्रायफ्रूट घातलेला दुधाचा ग्लास, चमच्यानं खायचा. सासूबाईंना नाव ऐकूनच धसका बसलेला, मग हसत हसत अर्धा संपवला. दुधानंतर लगेच एवढं जड नको होतं, वेगळ्या दिवशी जावा.

शुक्रवारी मटण.

मटणावर कोल्हापूर किती जीव टाकतं ते बाहेर कळत नाही. 2019 च्या शेवटाला मटणाचा दर वाढला म्हणून इथं लोकांनी आंदोलन केलेलं, खरेदी बंद ठेवलेली, बैठकांवर बैठका झालेल्या, कारण बुधवार-शुक्रवार-रविवार हे इथले वार आहेत आणि त्यात मटण परवडलं पाहिजे हा लोकांचा हक्कच आहे असं सगळे मानतात. परख, देहाती अशी हॉटेलांची नावं बाहेरच्यांना माहीत असतात, आम्ही जुन्या पुणे-बेंगलोर रोडवरच्या ओपलला गेलो, आण्णांच्या आवडीचं. ताट आलं, सुकं मटण, तांबडा, पांढरा, दही-कांदा, भाकरी, भात.

पांढऱ्या रस्श्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बुधवारी त्याचीच वाट लागलेली. मटण हळद न घालता आलं-लसूण-मीठ लावून शिजवायचं, त्याचं जे पाणी निघतं ते अळणी, आमच्याकडं लहान पोरांना आणि आजाऱ्याला तेच देतात. त्या अळणीत खसखस, काजू, पांढरे तीळ वाटून लावायचे, दालचिनी-लवंग-वेलची-मिऱ्याची तुपात फोडणी, आणि शेवटाला नारळाचं दूध. नारळाचं दूध पडलं की मोठी उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर रस्सा फुटतो, पाणी एकीकडं चोथा एकीकडं. आता विचार करा, हॉटेलात दुपारी बारापासनं तीनपर्यंत पातेलं चालू असतं, तेवढा वेळ तो गरम पण ठेवायचा आणि उकळू पण द्यायचा नाही, म्हणजे एक माणूस त्याच्याजवळ उभाच पाहिजे. ज्यांना माणूस ठेवायचा नाही ते कॉर्नफ्लॉवर लावतात, मग तो फुटत नाही. म्हणून पांढरा दुसऱ्यांदा मागायचा. पातळ आणि एकजीव आला, मिऱ्याचा चटका घशाशी लागला, तर आत कोणीतरी मन लावून उभं आहे समजा.

ओपलला दुसऱ्यांदा आला तो तसाच आला. तिसऱ्यांदा बाबांनी स्वतः मागितला, आमच्यापैकी कोणी सुचवलं नव्हतं. वाटी तोंडाला लावून प्यायले. मग तांबडा. तांबड्याला त्यांनी वेळ घेतला, भाकरी कुस्करून, मग भातावर, मग नुसता. सावजीशी तुलना करतच होते, ते म्हणाले सावजीत मसाला काळा, भाजून भाजून कडवटपणाकडं नेलेला, तो मटणावर चढून बसतो, इथं मटणाची चव वर राहते. हे मला कधी असं सांगता आलं नसतं. सुकं मटण त्यांना ठीकठाक वाटलं, म्हणाले यात आमचं सावजी पुढं आहे, आण्णांना ते काही पटलं नाही पण पाहुणा म्हणून गप्प बसले. मला विचाराल तर त्या दिवशीचं सुकं जरा कोरडं होतं हे खरं आहे, भाकरीबरोबर रस्सा लागतच होता.

एक मात्र स्पष्ट लिहितो. सासूबाईंसाठी घरनं डबा नेलेला, झुणका-भाकरी आणि खर्डा, कारण मटणाच्या हॉटेलात शाकाहारी माणसाला जे ताट मिळतं ते आपल्या गावात बहुतेक ठिकाणी मन लावून केलेलं नसतं. पनीर, मिक्स व्हेज, झालं. अरे आपल्याकडं भरलं वांगं आहे, उडदाचं घुटं आहे, अख्खा मसूर आहे, झुणका आहे, एवढं असताना पाहुण्याला पनीर का वाढायचं? हॉटेलवाल्यांनी वाचलं तर बघा बाबांनो. घरातल्या एका माणसासाठी सगळं कुटुंब दुसरीकडं जातं. ज्यांच्याकडं शाकाहारी मंडळी आहेत त्यांनी पन्हाळ्याला जावं, तिथं बायका टोपलीतनं झुणका-भाकरी आणि मडक्यातलं दही विकतात, सासूबाईंना पुढच्या वेळी तिकडंच नेणार.

शनिवारी सकाळी गूळ. पंचगंगेपलीकडं मामाच्या ओळखीच्या गुऱ्हाळावर गेलो, सीझन चालू होता. शाहूपुरीची गुळाची पेठ शाहू महाराजांनी 1895 ला वसवली आणि कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, हे सगळं खरं, पण गूळ घेताना नीट बघून घ्या. पिवळाधमक, चकचकीत गूळ बघून लोक भुलतात, तो रंग बऱ्याचदा हायड्रॉस पावडरचा असतो. बिनकेमिकलचा गूळ तपकिरी, जरा काळपट, दिसायला साधा. काहिलीत म्हणजे मोठ्या कढईत रस उकळताना रानभेंडीचं पाणी घालून मळी वर आणतात आणि काढून टाकतात, गूळ करणारा गुळव्या नुसत्या बुडबुड्यावरनं सांगतो कधी उतरवायचा. बाबा तासभर काहिलीजवळनं हलले नाहीत. काकवी पळसाच्या पानावर घेऊन खाल्ली. गुळाचा एक रवा म्हणजे ढेप घेतली, दोन बाटल्या काकवी.

दुपारची गाडी. आईनं प्रवासाला सुकं मटण आणि चपात्या दिल्या, सासूबाईंना धपाटे, आणि घरची चटणी किलोभर, तीन पिशव्यांत बांधून, कारण ती सांडली की डब्यातल्या सगळ्यांचं हाल. चटणी विकत घ्यायची असली तर लक्ष्मीपुरीत बघा, पण वास घेऊन घ्या, लसणाचा वास आधी आला पाहिजे, मिरचीचा नंतर.

रविवारी रात्री गाडी पोचल्याचा फोन आला. मंगळवारी सकाळी परत बाबांचा फोन, एवढ्या सकाळी म्हणून मी घाबरलो. तर त्यांनी पोह्यावरच्या तर्रीत आमची चटणी घालून बघितलेली. म्हणाले, "बेटा, आईला सांग, अजून दोन किलो पाठवून दे."